अदिती पंत आणि बाटलीतला समुद्र

३ डिसेंबर १९८३ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून ‘फिनपोलारिस’ ही भाड्याने घेतलेली बोट अंटार्क्टिकाकडे निघाली. भारताची ही तिसरी मोहीम. पहिल्या मोहिमेत, १९८१ च्या डिसेंबरात, डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण गेले होते. बर्फावर तिरंगा लावून आणि जमतील तेवढी निरीक्षणं करून ते फेब्रुवारीत परतले. तिसऱ्या खेपेचा बेत मोठा होता. बर्फावर घर बांधायचं आणि माणसांना तिथे हिवाळाभर ठेवायचं. मोहिमेचे प्रमुख होते डॉ. हर्ष गुप्ता. एकूण ८१ माणसं, आणि त्यांत दोन स्त्रिया. एक कोलकात्याच्या भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता, तेनसिंग नोर्गे यांच्या हाताखाली गिर्यारोहण शिकलेल्या. दुसऱ्या आपल्या अदिती पंत, समुद्रशास्त्रज्ञ. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेलेल्या या पहिल्या दोघी.

बोट पोहोचली २७ डिसेंबरला. चोवीस दिवसांचा प्रवास, आणि त्यातला चाळीस ते साठ दक्षिण अक्षांशांमधला टप्पा असा की तिथे पश्चिमी वाऱ्यांना अडवायला जवळजवळ जमीनच नाही. बोट रात्रंदिवस डोलत राहते. सवयीचे खलाशीही तिथे जेवणाचा नाद सोडतात. आज आपले बरेचसे शास्त्रज्ञ विमानाने केप टाउनला जातात आणि तिथून मालवाहू विमानाने थेट बर्फावरच्या धावपट्टीवर उतरतात. केप टाउनपासूनचा तो टप्पा साधारण सहा तासांचा. जड सामान अजूनही बोटीनेच जातं. पण माणसाला अंटार्क्टिका गाठण्यासाठी महिनाभर समुद्राशी झुंजावं लागत नाही. हे चांगलंच झालं. तरी मला वाटतं, समुद्राचा अभ्यास करणाऱ्याने तो समुद्र ओलांडून जाण्यात काही अर्थ होता. पाण्याचा रंग, तापमान, त्यातले जीव कुठल्या अक्षांशावर कसे बदलतात हे डेकवर उभं राहून बघायला मिळत असे.

मी तेव्हा शाळेत होते. वर्तमानपत्रात आलेला अदिती पंतांचा फोटो कापून आम्ही मैत्रिणींनी वहीत चिकटवला होता. जाडजूड कपड्यांतल्या बाई आणि मागे पांढरं शुभ्र काहीतरी, एवढंच त्यात कळत होतं. आमच्या बाईंनी वर्गात उभं राहून सांगितलं, आपल्या मराठी मुलखातली मुलगी दक्षिण ध्रुवाकडे गेली. तो काळही तसा होता. मोहीम २९ मार्च १९८४ ला गोव्यात परतली, पाचच दिवसांनी, ३ एप्रिलला, राकेश शर्मा अवकाशात गेले आणि मे महिन्यात बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोहोचल्या. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ‘पहिले’ आणि ‘पहिल्या’ यांची यादी एका वर्षात केवढी तरी वाढली. अदिती पंतही त्या यादीत गेल्या आणि दुर्दैवाने तिथेच राहिल्या. त्या तिथे काय करायला गेल्या होत्या, हे ना आम्ही विचारलं, ना कोणी सांगितलं. चाळीस वर्षं होऊन गेली, आजही स्पर्धा परीक्षेच्या मुलांना त्यांचं नाव पाठ असतं आणि काम विचारलं तर उत्तर नसतं. म्हणून हे लिहिते आहे.

अदिती पंतांचा जन्म १९४३ सालचा, नागपूरचा. वडील आप्पासाहेब पंत म्हणजे औंध संस्थानचे राजपुत्र. औंध म्हटलं की जुन्या माणसांना सूर्यनमस्कार आठवतात, किर्लोस्करवाडी आठवते, राजेसाहेबांनी हौसेने उभारलेलं चित्रसंग्रहालय आठवतं. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना स्वीकारली, त्या प्रयोगात तरुण आप्पासाहेब पुढे होते. स्वातंत्र्यानंतर ते परराष्ट्र सेवेत गेले. नैरोबी, गंगटोक, जकार्ता, ओस्लो, कैरो, लंडन, रोम अशा त्यांच्या नेमणुका. आई नलिनी पंत शल्यविशारद. चाळीसच्या दशकात शस्त्रक्रिया करणारी स्त्री! ज्या घरात आई हातात शस्त्र घेऊन माणसं बरी करते, तिथल्या मुलीला ‘हे बायकांचं काम नाही’ हे वाक्य फारसं ऐकावं लागलं नसणार.

पुण्यात बी.एस्सी. झाल्यावर ॲलिस्टर हार्डी यांचं ‘द ओपन सी’ त्यांच्या हाती पडलं आणि त्या पुस्तकाने त्यांना समुद्राकडे ओढलं. हार्डी हे पाण्यासोबत वाहणाऱ्या इवल्या जीवांचे, म्हणजे प्लवकांचे, मोठे अभ्यासक. १९२५ ते २७ या काळात ‘डिस्कव्हरी’ बोटीवरून ते स्वतः अंटार्क्टिकाच्या समुद्रात हिंडले होते. बोटीच्या मागे ओढत नेता येईल आणि रेशमी जाळीच्या गुंडाळीवर मैलोगणती प्लवक टिपत राहील, असं यंत्र त्यांनी तयार केलं. ते यंत्र सुधारून आजही वापरात आहे. पुस्तकातली जलरंगांतली चित्रंही त्यांच्याच हातची. समुद्रकिनाऱ्यापासून दूर, पुण्यातल्या एका विद्यार्थिनीने ते वाचावं आणि पुढे त्याच बर्फाळ पाण्यात जावं, हे मला फार मोलाचं वाटतं. आजच्या विद्यार्थ्याला एका क्लिकवर हजारो शोधनिबंध मिळतात. त्याचा हेवा वाटावा असंच आहे ते. पण सबंध आयुष्याला दिशा देईल असं एखादं पुस्तक मुलांच्या वाटेत येण्याची शक्यता त्यामुळे वाढली का, हे मला सांगता येत नाही. मराठीत तर समुद्रविज्ञानावरची, वाचून पोर वेडं होईल अशी पुस्तकं तेव्हाही नव्हती आणि आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

शिष्यवृत्ती मिळवून त्या हवाई विद्यापीठात गेल्या. एम.एस.साठी विषय घेतला प्लवकांच्या प्रकाशसंश्लेषणाचा. इथे थोडं थांबते, कारण त्यांच्या कामाचं बीज इथे आहे.

समुद्राच्या वरच्या थरात, जिथवर ऊन पोहोचतं तिथवर, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. काचेसारख्या सिलिकाच्या डबीत राहणारे डायाटम हे त्यांतले मुख्य. हे ऊन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर बनवतात. त्यांना खाणारे इवले प्राणी, त्यांना खाणारी तारली आणि बांगडा, त्यांच्यामागे सुरमई आणि शेवटी आपलं ताट. पृथ्वीवरचं जवळजवळ अर्धं प्रकाशसंश्लेषण समुद्रात होतं ते यांच्याच जिवावर. उष्ण कटिबंधात आणखी एक भानगड असते. ऊन इतकं कडक की अगदी वरच्या पाण्यातल्या प्लवकांना ते सोसत नाही, त्यांचं काम मंदावतं. भर उन्हात उत्पादन कमी आणि थोडं खाली, मंद उजेडात जास्त! हवाईच्या समुद्रात या कडक उजेडाचा प्लवकांवर होणारा परिणाम अदिती पंत अभ्यासत होत्या.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुढचा होता. प्लवकांनी तयार केलेलं सगळं अन्न त्यांच्या पोटात राहत नाही, काही भाग बाहेर पाण्यात झिरपतो. तो जातो कुठे? उघड्या समुद्रात हे तपासणं कठीण, कारण तिथे असंख्य जाती एकत्र नांदतात. म्हणून त्यांनी प्रश्न सोपा करून घेतला, एक शैवाल आणि एक जीवाणू यांच्यापुरता. लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात जी. ई. फॉग हे सागरी शैवालांच्या शरीरक्रियेचे नामवंत अभ्यासक होते, त्यांच्यासोबत त्यांनी काम केलं आणि डॉक्टरेट मिळवली. ‘स्केलेटोनेमा’ नावाचा डायाटम आणि ग्लायकोलेट या झिरपणाऱ्या पदार्थाची देवघेव यांवर पंत आणि फॉग यांचा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला.

हा विषय तेव्हा आडवळणाचा वाटत असे. जीवाणू म्हणजे कुजवणारे, अन्नसाखळीच्या शेवटी येणारे, असा समज होता. १९८३ साली, म्हणजे फिनपोलारिस मुरगावहून सुटली त्याच वर्षी, फारुख आझम आणि सहकाऱ्यांनी मांडून दाखवलं की प्लवकांतून झिरपणारा कार्बन जीवाणू उचलतात आणि त्यांच्यामार्फत तो पुन्हा अन्नजाळ्यात येतो. आज सागरी जीवशास्त्राचं कुठलंही पाठ्यपुस्तक त्याखेरीज पूर्ण होत नाही. अदिती पंत त्या वाटेवर आधीपासून चालत होत्या. त्यांचं नाव घेताना हे सांगितलं पाहिजे.

१९७३ मध्ये त्या गोव्याला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. लोकांच्या तोंडी ती ‘एनआयओ’. साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, तिच्या भारतीय कामातून १ जानेवारी १९६६ रोजी ही संस्था जन्मली. पहिले संचालक डॉ. एन. के. पणिक्कर, आणि अदिती पंतांनी परत येऊन इथे काम करावं यामागे त्यांचं प्रोत्साहन होतं. सुरुवातीला त्या पूल ऑफिसर होत्या. म्हणजे परदेशातून परतलेल्या शास्त्रज्ञाला कायमची जागा मिळेपर्यंत दिलेला तात्पुरता आधार. हवाई आणि लंडन पाहून आलेल्या बाईंनी तो स्वीकारला.

संस्था जिथे आहे ते त्या वेळचं दोना पावल आज ओळखू येणार नाही. पठारावर वारा, खाली मांडवी आणि जुवारीची तोंडं, समोर मुरगावला थांबलेली खनिजाची जहाजं. इथे चित्रित झालेला ‘एक दूजे के लिए’ हा सिनेमा १९८१ मध्ये आला आणि त्यानंतर धक्क्यावर माणसांची रीघ लागली. ती माणसं आजही येतात, टोप्या आणि काजू घेतात, फोटो काढतात. त्यांच्या पाठीशी, चढावर, देशातलं समुद्राचं सर्वांत मोठं संशोधन चालतं याचा त्यांना पत्ता नसतो. जुवारीवर पूल झाला तो १९८३ सालचा. त्याआधी वास्कोहून पणजीला यायचं तर फेरीबोट. मुंबईहून गोव्याला यायचं तर अनेक जण कोकण बोटीने येत, रात्रभर डेकवर चादर अंथरून, बंदराबंदरात थांबत. ती बोटही गेली. कोकणातल्या माणसाला रात्रीचा भर समुद्र पाहण्याची ती एकुलती एक स्वस्त सोय होती.

अदिती पंतांच्या गटाने पश्चिम किनारा पालथा घातला. गुजरातेतल्या वेरावळपासून कन्याकुमारीपर्यंत आणि पुढे मन्नारच्या आखातात. आपला सगळा कोकण त्यात आला. हे काम कसं होत असे ते त्या काळच्या पद्धतींवरून सांगता येईल. तारेला ठरावीक अंतरावर बाटल्या बांधून त्या खोल सोडायच्या. वरून पितळी वजन तारेवरून सोडायचं. ते घसरत जाऊन बाटलीची कळ दाबतं, बाटली मिटते आणि त्या खोलीचं पाणी तिच्यात कोंडलं जातं. सोबत पाऱ्याचे उलटणारे तापमापक असत, उलटले की आकडा गोठून राही. एक पांढरी तबकडी दोरीने सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरी मोजायची, म्हणजे उजेड कुठवर जातो ते कळे. वर आलेलं पाणी बारीक छिद्रांच्या कागदातून गाळायचं, कागद ॲसिटोनमध्ये भिजवून हरितद्रव्य काढायचं, रंगाच्या गडदपणावरून ते मोजायचं. उत्पादन मोजायला किरणोत्सारी कार्बन घालून बाटल्या उन्हात ठेवायच्या आणि मग प्लवकांनी किती कार्बन उचलला ते पाहायचं. हे सगळं हलत्या बोटीवर, मळमळत्या पोटाने. शेवटी शिसपेन्सिलीने वहीत आकडा लिहायचा, कारण शाई पाण्याने पसरते.

१९७६ साली संस्थेला ‘गवेषणी’ ही स्वतःची संशोधन नौका मिळाली. ती मुळात गाळ वाहणारी बार्ज, कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत तिचं रूपांतर केलेलं. त्याच नौकेने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळातून बहुधातूंचे गोळे वर आणले. मग ‘सागरकन्या’ आली, जर्मनीत बांधलेली. आता ‘सिंधु साधना’ आहे, २०१४ पासून. आज पिंजऱ्याभोवती गोल लावलेल्या बाटल्या खाली जातात आणि खोली, तापमान, क्षारता, प्राणवायू, हरितद्रव्य यांचे आलेख संगणकावर त्याच क्षणी उमटतात. माणसाशिवाय वाहत राहणारे हजारो तरंगते मापक जगभरच्या समुद्रात बुड्या मारून आकडे पाठवतात. आपले ओशनसॅट उपग्रह पाण्याचा रंग बघून हरितद्रव्य सांगतात. त्यावरून हैदराबादची इन्कॉइस संस्था मासे कुठे मिळतील याचे अंदाज देते आणि आपले तांडेल ते मोबाईलवर, मराठीत, वाचतात. अदिती पंतांच्या पिढीला हे सांगितलं असतं तर आनंदच झाला असता. उपग्रह मात्र फक्त वरचा थर बघतो, आणि त्याचा आकडा खरा की खोटा हे ताडून पाहायला आजही कोणीतरी बोटीतून जाऊन बाटलीत पाणी भरावंच लागतं.

अंटार्क्टिकाच्या समुद्रात त्यांचं काम हेच होतं. तिथल्या पाण्याचं भौतिकशास्त्र, रसायन, जीवसृष्टी, आणि सगळ्यांना बांधणारी अन्नसाखळी. ते पाणी चमत्कारिक आहे. नायट्रेट, फॉस्फेट भरपूर, उन्हाळ्यात उजेडही भरपूर, आणि तरीही मोठ्या भागांत प्लवक बेताचेच. का, हे कोडं होतं. पाण्यात लोह कमी पडतं म्हणून, ही मांडणी नंतर पुढे आली आणि आज ती मान्य आहे. २००९ मध्ये गोव्याच्याच संस्थेने जर्मनांबरोबर ‘लोहाफेक्स’ प्रयोग केला, दक्षिणी महासागराच्या एका भोवऱ्यात लोह सोडून बघितलं. प्लवक वाढले, पण त्या पाण्यात सिलिका कमी असल्याने डायाटम फारसे वाढले नाहीत आणि जे वाढले ते इवल्या प्राण्यांनी फस्त केले. कार्बन तळाशी फारसा गेलाच नाही. हवेतला कार्बन असा स्वस्तात समुद्रात पुरता येईल ही आशा त्या प्रयोगाने बरीच मावळली. शेवटी कोण कुणाला खातं हेच निर्णायक ठरलं, आणि १९८३ साली अदिती पंत नेमकं तेच बघायला गेल्या होत्या.

मोहिमेने त्या एका उन्हाळ्यात ‘दक्षिण गंगोत्री’ हे केंद्र बांधून पुरं केलं आणि १२ जणांना हिवाळ्यासाठी तिथे ठेवून बोट परतली. पुढे पाचव्या मोहिमेतूनही अदिती पंत पुन्हा दक्षिणेला गेल्या. दक्षिण गंगोत्रीचं आयुष्य मात्र थोडकं ठरलं. ती बर्फाच्या थरावर उभी होती आणि वरून हिम साचत गेलं. १९९० पर्यंत ती गाडली गेली आणि सोडून द्यावी लागली. मधल्या काळात खडकाळ जमिनीवर, गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी ‘मैत्री’ उभी राहिली होती. २०१२ पासून ‘भारती’ आहे. ती १३४ मालवाहू कंटेनर जोडून बांधलेली, ऊब आणि संपर्क यांची सगळी सोय असलेली. २०२४ मध्ये तिथे टपाल कार्यालयाची शाखा उघडली, ती महाराष्ट्र परिमंडळाच्या अखत्यारीत, आणि तिचा प्रायोगिक पिन ‘एमएच-१७१८’. वाचून मला फार बरं वाटलं होतं.

स्त्रियांचं काय झालं? १९८३ मध्ये दोघींना पाठवणं ही साधी गोष्ट नव्हती. ब्रिटनसारख्या देशाच्या अंटार्क्टिक संस्थेनेही आपल्या महिला भूशास्त्रज्ञाला तिथे क्षेत्रकामाला पाठवलं ते साधारण त्याच हंगामात, इतकी वर्षं त्यांची तिथे ठाणी असूनही. त्या बाबतीत आपण मागे नव्हतो. पुढे डॉ. कंवल विल्कू यांनी तिथे हिवाळा काढला. २०१६ च्या अखेरीस इस्रोच्या मंगला मणि वयाच्या ५६ व्या वर्षी भारती केंद्रावर गेल्या आणि ४०३ दिवस राहिल्या. पण २३ जणांच्या त्या तुकडीत बाई एकटीच. ८१ जणांत दोन आणि तेहतीस वर्षांनी २३ जणांत एक, याला मी प्रगती म्हणायला तयार नाही. सुदीप्ता सेनगुप्ता, अदिती पंत, जया नैथानी आणि कंवल विल्कू यांना सरकारने अंटार्क्टिका पुरस्कार दिला. तो योग्यच होता. समुद्राच्या प्रयोगशाळांत आज मुली खूप दिसतात. बोटीवर आणि बर्फावर त्या तितक्या दिसल्या पाहिजेत.

गोव्यातल्या सतरा वर्षांनंतर अदिती पंत पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आल्या आणि खारट पाण्यात जगणाऱ्या, मीठ सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांवर काम करू लागल्या. बाहेरून पाहणाऱ्याला हा बदल वाटेल. मला वाटतो तो त्यांचा जुनाच ध्यास. हवाईत, लंडनमध्ये, वेरावळ ते कन्याकुमारी, अंटार्क्टिकात आणि पुण्यात त्या एकाच गोष्टीमागे होत्या. न दिसणारे जीव एकमेकांना काय देतात आणि काय घेतात, हे त्यांना कळून घ्यायचं होतं.

दरम्यान तो किनारा बदलला. सत्तरच्या दशकात गोव्याच्या पुळणींवर अजून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं, ओढली जायची, अख्खा वाडा दोरीला लागायचा. ट्रॉलर आले, रापणकार रस्त्यावर उतरले, मग किनाऱ्याजवळच्या मासेमारीवर निर्बंध घालणारे कायदे झाले, गोव्यात १९८० आणि महाराष्ट्रात १९८१ साली. आज रापण बघायला पर्यटक थांबतात. आणि समुद्राच्या आतही काही घडलं आहे. अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात डायाटम फुलत. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे ‘नॉक्टिल्युका’ नावाचा हिरवा जीव माजू लागला. एकेकाळी गोव्याच्या संस्थेतच असलेल्या हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस यांनी ते पद्धतशीर दाखवून दिलं. नॉक्टिल्युकाला मासे खात नाहीत, जेलीफिशसारखे प्राणी खातात. म्हणजे आपल्या ताटाकडे येणारी वाट मुळातच वळवली जाते आहे. रात्री लाटा निळ्या चमकतात त्यामागे याच कुळीचा जीव असतो. लोक व्हिडिओ काढतात, आणि दिसतंही सुंदर.

पण ‘तेव्हा डायाटम असत’ हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो? कोणीतरी तेव्हा बाटलीत पाणी भरून, गाळून, मोजून लिहून ठेवलं म्हणून. कोकण बोटीच्या आठवणी सांगायला मला पुरावा लागत नाही. रापणीत एवढाले बांगडे यायचे असं माझे आजोळचे मामा सांगत तेव्हा आम्ही ते मान्य करत होतो. समुद्र असा आठवणीवर चालत नाही. १९७५ चं पाणी आज कुठल्याही यंत्राने मोजता येणार नाही, कितीही पैसे ओतले तरी. ते फक्त त्या वह्यांत आहे. अदिती पंतांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पूल ऑफिसरच्या पगारावर, मिळेल त्या बोटीतून जे आकडे जमवले, त्यांची किंमत दर वर्षी वाढते आहे. बर्फावरच्या फोटोपेक्षा मला त्या आकड्यांसाठी त्यांना नमस्कार करावासा वाटतो.

हे लिहिण्यामागे एक सल आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सोसायटीत साठच्या दशकापासूनच्या लिलावाच्या वह्या होत्या. कुठल्या दिवशी कुठला मासा किती टोपल्या आला, काय भावाने गेला, सगळं मोडीवळणाच्या सुबक अक्षरात. इमारत नवी करताना त्या रद्दीत गेल्या. कोणाला वाईट हेतू नव्हता. त्यात काही आहे असं कोणालाच वाटलं नाही.

तेव्हा किनाऱ्यावरच्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे. घरात, सोसायटीत, देवळाच्या पेटीत, जुन्या तांडेलाच्या ट्रंकेत अशा वह्या असतील. मासळीचा हिशेब, वाऱ्याची नोंद, बोट कुठल्या दिवशी उतरवली आणि कधी ओढली याची टिपणं. त्या रद्दीवाल्याला देऊ नका. वाळवीपासून सांभाळा, पानापानाचे फोटो काढून ठेवा, आणि जवळच्या मत्स्य महाविद्यालयाला किंवा दोना पावलच्या संस्थेला कळवा. शाळांतल्या बाईंनी आणि सरांनी अदिती पंतांचं नाव मुलांना सांगताना त्या काय मोजत होत्या तेही सांगावं.